उघडी माहिती आणि गुप्त माहिती : युद्धकालीन कलकत्त्याचा धडा

लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, १९०५ साली, हिंदुस्थान सरकारने वाणिज्य व उद्योग असे स्वतंत्र खाते निर्माण केले आणि त्याच्या जोडीला कलकत्त्यात एक कार्यालय उघडले. त्याच्या प्रमुखाचे पदनाम होते ‘डायरेक्टर जनरल ऑफ कमर्शियल इंटेलिजन्स’. ‘इंटेलिजन्स’ हा शब्द ऐकला की आज आपल्याला गुप्तहेर आठवतो. या कार्यालयाचे काम मात्र नेमके उलट होते. कोणत्या बंदरातून कोणता माल किती गेला, पिकांचे अंदाज काय आहेत, परदेशांत कशाला मागणी आहे, ही सर्व माहिती गोळा करून ती छापायची आणि व्यापाऱ्यांच्या हाती द्यायची, हे त्याचे काम. १९०६ पासून त्यासाठी ‘इंडियन ट्रेड जर्नल’ नावाचे साप्ताहिकही निघू लागले. वर्गणी भरील त्याला ते मिळे.

पुढे पस्तीस वर्षांनी याच शहरात ‘इंटेलिजन्स’ या शब्दाचा दुसरा अर्थ प्रभावी झाला. जपानी पेढ्या, जपानी वकिलात, जपानी भिक्षू आणि त्यांच्याशी बोलणारे हिंदी लोक या साऱ्यांवर पाळत बसली. तारा फोडून वाचल्या गेल्या, माणसे विनाचौकशी तुरुंगात गेली. आणि त्याच दोन-तीन वर्षांत, बंगालमध्ये तांदूळ नेमका किती आहे हे सरकारला ठाऊक नसताना, लाखो माणसे अन्नावाचून मेली. या दोन गोष्टी इतिहासाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. प्रशासनाच्या अभ्यासकाने त्या एकत्र वाचायला हव्यात असे मला वाटते. राज्यकर्ते कोणती माहिती मिळवण्यासाठी धडपडतात आणि कोणत्या माहितीकडे दुर्लक्ष करतात, यावरून त्या राज्याची खरी प्रकृती कळते.

आधी जपानी व्यापाराकडे पाहू. त्याची सुरुवात मुंबईची, आणि तीही आपल्या कापसामुळे झाली. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबई-जपान जहाजसेवा सुरू केली. मित्सुई कंपनीची शाखा त्याच सुमारास मुंबईत आली आणि १८९४ मध्ये योकोहामा स्पेसी बँकही आली. वऱ्हाड-खानदेशचा आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरला नकोसा होता. ओसाकाच्या गिरण्यांनी तो अमेरिकन कापसात मिसळून स्वस्त सूत काढण्याचे तंत्र साधले. जपानी पेढ्यांचे खरेदीदार थेट आतल्या भागातल्या बाजारपेठांपर्यंत पोचले. यवतमाळ-अमरावतीच्या शेतकऱ्याला जपान नकाशावर कोठे आहे हे ठाऊक नसेल, पण त्याच्या कापसाचा भाव ओसाकाशी बांधला गेला होता.

कलकत्त्याचा वाटा वेगळा होता. तेथून जपानला जाई ते ताग, लाख आणि विशेषतः पिग आयर्न, म्हणजे भट्टीतून निघालेले ओतीव कच्चे लोखंड. जमशेदपूर, कुल्टी आणि हिरापूरच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या या लोखंडाचे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपान होते. पोलाद करण्यासाठी जपानला लोखंड हवे होते, आणि टाटांच्या कारखान्याला पडत्या काळात हे गिऱ्हाईक हवे होते. उलट दिशेने येत असे कापड, कृत्रिम रेशीम, गंजिफ्राक, रबरी बूट, काचेच्या बांगड्या आणि खेळणी. १९३१ च्या डिसेंबरात जपानने सुवर्णमान सोडला, येनचा भाव कोसळला आणि बडाबाजारात जपानी मालाची रीघ लागली. बंगालच्या गंजिफ्राक विणणाऱ्या लहान कारखान्यांनी संरक्षणासाठी सरकारकडे धाव घेतली. हिंदुस्थानात पाय रोवू पाहणाऱ्या बाटा कंपनीलाही स्वस्त जपानी रबरी बुटांशीच झुंजावे लागले.

हे यश केवळ स्वस्ताईचे नव्हते, ते माहितीचेही होते. जपानी पेढ्या कोणत्या प्रांतात कोणत्या काठाचे धोतर चालते, कोणत्या रंगाचे सूत खपते, याचे नमुने जमवून मायदेशी पाठवत. माहिती जमवणे हे राज्यकारभाराचे पहिले अंग आहे, हा विचार जपानी प्रशासनात खोल रुजलेला होता. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे गोतो शिनपेई. हा मूळचा डॉक्टर. १८९८ पासून तो तैवानचा मुलकी प्रशासक होता. तेथे त्याने जमिनीची मोजणी केली आणि जुन्या रूढी व कायदे यांची पद्धतशीर पाहणी करवली. १९०६ मध्ये तो दक्षिण मांचुरिया रेल्वेचा पहिला अध्यक्ष झाला आणि पुढच्याच वर्षी त्या रेल्वे कंपनीत त्याने एक संशोधन विभाग काढला. रेल्वेला संशोधन विभाग कशाला, असा प्रश्न आपल्याला पडेल. पण चीनमधली शेती, खाणी, मजुरी, सावकारी यांच्या अभ्यासाची ती पुढे आशियातली एक मोठी संस्था झाली. शांघायमध्ये १९०१ पासून चालणाऱ्या तोआ दोबुन शोइन या जपानी विद्यालयाचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी चीनच्या अंतर्भागात पायपीट करून बाजारपेठांचे अहवाल लिहीत. यातले फारच थोडे ‘गुप्त’ होते. ते सारे डोळ्यांदेखत, वहीत टिपून चाललेले काम होते. नंतर सैन्य आले तेव्हा या वह्या सैन्याच्या उपयोगी पडल्या.

इंग्रजांना यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. हंटरने १८७५ ते १८७७ या काळात बंगालचा सांख्यिकीय वृत्तांत २० खंडांत प्रसिद्ध केला तो याच वृत्तीतून. आपली जिल्हा गॅझेटियर्स हीसुद्धा त्याच घराण्यातली. राज्यकर्त्याने जमवून छापलेली माहिती प्रजेच्या हाती गेली की काय होते याचाही अनुभव कलकत्त्याने घेतला होता, आणि तो एका मराठी माणसाकडून. देवघरजवळ जन्मलेले आणि कलकत्त्यात पत्रकारिता करणारे सखाराम गणेश देऊस्कर यांनी १९०४ मध्ये बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिली. देशाची संपत्ती कशी वाहून जाते हे तिने आकड्यांनिशी दाखवले. पुस्तक घरोघर पोचले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. माहिती उघडी असली तरी तिचा अर्थ लावणारा माणूस सरकारला धोक्याचा वाटू शकतो, ही या पुढच्या कथेतली एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जपानी कापडाचा प्रश्न १९३३ मध्ये चिघळला. हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर कापडावरची जकात जूनमध्ये ७५ टक्क्यांवर नेली. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. लँकेशायर आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना जे संरक्षण हवे होते त्याची किंमत वऱ्हाडच्या शेतकऱ्याने मोजावी असा प्रसंग आला. सप्टेंबरपासून सिमला आणि दिल्लीत वाटाघाटी झाल्या आणि १९३४ च्या जानेवारीत तोडगा निघाला. जपानने वर्षाला १० लाख गासड्या कापूस घेतला तर ३२.५ कोटी वार कापड हिंदुस्थानात आणता येईल, आणि १५ लाख गासड्या घेतल्यास ४० कोटी वारांपर्यंत. जकात ५० टक्क्यांवर आली. हिशेबाने चालणाऱ्या दोन प्रशासनांनी हिशेबाने सोडवलेला हा तंटा होता. दोन्ही बाजूंचे आकडे टेबलावर होते, म्हणूनच तो सुटू शकला.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर युद्ध लादले आणि त्याच व्यापाराचा रंग बदलला. आता कलकत्त्याहून जाणाऱ्या लोखंडाचा संबंध नानकिंगशी जोडला जाऊ लागला. फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने जपानी आक्रमणाचा निषेध केला आणि लोकांनी जपानी माल घेऊ नये असा ठराव केला. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्याआधी काही महिने त्यांनी कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये जपानवर लेख लिहून त्याच्या साम्राज्यवादाची चिकित्सा केली होती. त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात चीनला वैद्यकीय पथक गेले. त्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते, तर बसू आणि मुखर्जी हे दोघे कलकत्त्याचे. अटल हे पथकाचे प्रमुख. त्याच वर्षी जपानी कवी योने नोगुची यांनी चीनमधल्या युद्धाचे समर्थन करणारे पत्र रवींद्रनाथांना लिहिले आणि रवींद्रनाथांनी त्याला कठोर उत्तर दिले. म्हणजे कलकत्त्याचे लोकमत जपानविषयी भाबडे नव्हते. तीन वर्षांनी सारे शहर जपानधार्जिणे समजून त्याच्याशी वागणाऱ्या सरकारने ही नोंद घ्यायला हवी होती. ती तर वर्तमानपत्रांत छापूनच आलेली होती.

बहिष्काराचा ठराव झाला तरी व्यापार बंद झाला नाही. तो खऱ्या अर्थाने थांबला जुलै १९४१ च्या अखेरीस, जेव्हा अमेरिका आणि ब्रिटनपाठोपाठ हिंदुस्थान सरकारनेही जपानी मालमत्ता गोठवली.

आता त्या दुसऱ्या ‘इंटेलिजन्स’कडे वळू. जपानी जहाजे आणि हिंदी क्रांतिकारक यांचा संबंध जुना होता. मे १९१५ मध्ये रासबिहारी बोस कलकत्त्याहून ‘सानुकी मारू’ या जहाजाने पी. एन. टागोर या नावाने निसटले आणि जपानला पोचले. रवींद्रनाथ पुढच्या वर्षी जपानला जाणार होते, त्याचा आडोसा त्यांनी घेतला होता. ‘सानुकी मारू’ हे काही हेरांचे जहाज नव्हते, निप्पॉन युसेन कैशाचे साधे व्यापारी जहाज होते. पोलिसांची अडचण नेमकी हीच होती. बंदरात कोणती जहाजे उभी आहेत, कोणत्या कारखान्यात किती माल निघतो, ही बातमी व्यापाऱ्यालाही हवी असते आणि आरमारालाही. पेढीच्या पत्रात ती भावाच्या शेजारी लिहिलेली असते. पत्र एकच, वाचणारे दोन. अशा वेळी अधिकाऱ्यापुढे दोनच मार्ग राहतात : प्रत्येक पत्रावर संशय घ्यायचा, किंवा मोजक्या बाबी निवडून त्या नीट राखायच्या आणि बाकीचे मोकळे सोडायचे. पहिला मार्ग सोपा असतो, कारण त्यात निवड करावी लागत नाही.

१९४१ मध्ये कलकत्त्यात एक खरा गुप्त व्यवहार घडला हे मात्र खरे. जानेवारीत सुभाषबाबू एल्गिन रोडवरच्या घरातून नाहीसे झाले आणि काबूलमार्गे बर्लिनला पोचले. त्यांचे थोरले बंधू शरच्चंद्र बोस हे कलकत्त्याचे नामांकित बॅरिस्टर आणि बंगाल विधानसभेतले पुढारी. दोघा भावांमधला निरोप कलकत्त्याच्या जपानी वकिलातीमार्फत जाऊ लागला : कलकत्ता ते टोकियो आणि टोकियो ते बर्लिन. या काळातले एक जपानी कॉन्सल जनरल कात्सुओ ओकाझाकी हे पुढे १९५२ ते १९५४ या काळात जपानचे परराष्ट्रमंत्री झाले. भेटी शहराबाहेर रिश्रा येथील बागेतल्या घरात होत आणि शरदबाबूंचे चिरंजीव शिशिर गाडी चालवत. शिशिर बोस यांनी पुढे हे स्वतः लिहून ठेवले आहे.

या व्यवहारात सर्वांत कच्चा दुवा होता तो तारेचा. जपानच्या राजनैतिक तारांची मुख्य सांकेतिक लिपी अमेरिकनांनी १९४० मध्येच फोडली होती आणि १९४१ च्या आरंभी ते तंत्र ब्रिटिशांनाही मिळाले होते. रिश्राच्या बागेत दबक्या आवाजात जे बोलले जाई ते काही दिवसांत लंडनच्या टेबलावर असे. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि ११ डिसेंबर १९४१ रोजी शरदबाबूंना भारत संरक्षण नियमांखाली अटक झाली. त्या आठवड्यात फजलुल हक यांचे नवे संयुक्त मंत्रिमंडळ बनत होते आणि शरदबाबू त्याचे एक शिल्पकार होते. त्यांचा जपान्यांशी संबंध असल्याचा निर्णायक पुरावा हाती आहे, असे सरकारने जाहीर केले. पण तो पुरावा न्यायालयात कधीच मांडला गेला नाही. मांडला असता तर जपानी संकेत फुटले आहेत हे जपानला कळले असते. शरदबाबू दक्षिणेतल्या बंदिवासात जवळजवळ पावणेचार वर्षे राहिले आणि सप्टेंबर १९४५ मध्ये सुटले.

शासनाच्या बाजूने पाहिले तर येथे खरा पेच होता हे मान्य करायला हवे. युद्ध चालू होते, निरोप खरे होते, आणि पुरावा उघड करणे म्हणजे हजारो सैनिकांचे प्राण धोक्यात घालणे होते. अशा एखाद्या प्रकरणात विनाचौकशी स्थानबद्धतेचे समर्थन करता येईल. पण अपवादासाठी बनवलेले हत्यार नित्याच्या वापरात येते, हा प्रशासनाचा जुना रोग आहे. सेवाग्रामच्या आश्रमात एक जपानी भिक्षू राहत होते. आश्रमीय त्यांना केशव म्हणत. ते निचिदात्सु फुजी यांचे शिष्य. फुजी गुरुजी १९३१ मध्ये कलकत्त्यात उतरले होते, वर्ध्याला गांधीजींना भेटले होते आणि कलकत्त्याच्या लेक रोडवर त्यांच्या संप्रदायाचे मंदिरही उभे राहिले होते. केशव पहाटे आणि सायंकाळी डमरूसारखे वाद्य वाजवत ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा मंत्र म्हणत आश्रमात फिरत. जपान युद्धात पडताच पोलीस आले आणि त्यांना घेऊन गेले. गांधीजींनी त्यांची आठवण म्हणून तो मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत कायम ठेवला. आजही सर्वधर्मप्रार्थनेत तो म्हटला जातो. व्यापारी, कारकून, भिक्षू, बायका-मुले असा देशोदेशीचा जपानी समाज दिल्लीच्या पुराना किल्ल्यात तंबूंमध्ये आणि नंतर राजपुतान्यातल्या देवळी येथे डांबला गेला. यांतल्या बहुतेकांचा अपराध एवढाच होता की ते जपानी होते.

स्थानबद्धतेच्या या अधिकाराचे काय झाले हे दोन न्यायालयीन प्रकरणांतून दिसते. या दोहोंचा जपानी हेरगिरीशी संबंध नव्हता, म्हणूनच ती महत्त्वाची आहेत. पहिले मुंबईचे. केशव तळपदे यांच्या अर्जावर फेडरल कोर्टाने २२ एप्रिल १९४३ रोजी भारत संरक्षण नियमांतला २६ वा नियम अवैध ठरवला. मूळ कायदा ‘वाजवी संशय’ मागत होता, नियमाने मात्र सरकारचे ‘समाधान’ पुरेसे मानले होते. आठवड्याभरात सरकारने वटहुकूम काढून कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्त केला. दुसरे प्रकरण कलकत्त्याचे, शिवनाथ बॅनर्जी आणि इतरांचे. त्यात बंगालच्या गृहखात्याची कार्यपद्धती उघडी पडली. पोलिसांची शिफारस आली की स्थानबद्धतेचा आदेश शिरस्त्याप्रमाणे काढायचा, असा खात्याचा स्थायी हुकूमच होता. अधिकाऱ्याने कागद वाचून विचार करायचा ही पायरीच गाळली गेली होती. प्रिव्ही कौन्सिलने १९४५ मध्ये फेडरल कोर्टाची पुष्कळ मते अमान्य केली, पण असे यांत्रिकपणे काढलेले आदेश तिलाही उचलून धरता आले नाहीत. सहीचा अधिकार ज्याला आहे त्याने मन लावून निर्णय घेतला पाहिजे, हे तत्त्व आपण आज सेवाप्रवेशाच्या प्रशिक्षणात शिकतो. त्याच्या मागे कोणाकोणाचे तुरुंगातले दिवस आहेत हे मात्र शिकवले जात नाही.

आणि जपानचे गुप्त माहितीचे काम कसे होते? बडाबाजारात कोणत्या काठाचे धोतर खपते हे ठाऊक असलेल्या या देशाची राजकीय हिंदुस्थानविषयीची तयारी आश्चर्य वाटावे इतकी तोकडी होती. १९४१ च्या शरद ऋतूत मेजर फुजिवारा इवाइची याला बँकॉकला पाठवण्यात आले तेव्हा त्याच्याबरोबर मूठभर तरुण अधिकारी होते. आझाद हिंद सेनेची पहिली उभारणी या एवढ्या सामग्रीवर सुरू झाली. पुढे पेनांगमध्ये हिंदी तरुणांना प्रशिक्षण देऊन पाणबुडीने आणि खुष्कीने भारतात पाठवण्यात आले. बहुतेक लगेच पकडले गेले. वक्कम अब्दुल खादर, सत्येंद्रचंद्र वर्धन, फौजासिंग आणि आनंदन हे १० सप्टेंबर १९४३ रोजी मद्रासच्या तुरुंगात फासावर गेले. कलकत्त्यात हरिदास मित्र, ज्योतिषचंद्र बोस, पवित्रमोहन राय आणि अमरसिंग गिल यांना या गुप्त जाळ्यात भाग घेतल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. हरिदास मित्र हे सुभाषबाबूंच्या पुतणी बेला यांचे पती. बेला यांच्या धडपडीमुळे गांधीजींनी १९४५ मध्ये व्हाइसरॉय वेव्हेल यांना लिहिले आणि चौघांचे प्राण वाचले. हावड्याजवळचे बेलानगर स्थानक त्यांच्याच नावाचे आहे. या तरुणांनी प्राण पणाला लावले ते देशासाठी. टोकियोच्या दृष्टीने मात्र ते एका अपुऱ्या तयारीच्या मोहिमेतली प्यादी होती. जपानने वर्षानुवर्षे बाजार मोजला, पण माणसांचा तितका अभ्यास केला नाही.

ब्रिटिशांची चूक वेगळ्या जातीची होती आणि तिची किंमत कितीतरी मोठी पडली. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्य बंगालच्या किनाऱ्यावर उतरेल या भीतीने सरकारने ‘नकार धोरण’ अवलंबले. शत्रूच्या हाती वाहने आणि अन्न पडू नये म्हणून किनारी जिल्ह्यांतून दहापेक्षा अधिक माणसे वाहू शकणाऱ्या नौका काढून घेण्यात आल्या आणि ‘जादा’ तांदूळ उचलण्यात आला. सुमारे ६६,५०० नोंदलेल्या नौकांपैकी जवळजवळ ४६,००० लोकांच्या वापरातून गेल्या. पूर्व बंगालात नौका म्हणजे बैलगाडी, रस्ता आणि कोळ्याचे पोट हे सारे एकच. जपानी सैन्य त्या किनाऱ्यावर कधीच उतरले नाही. २० डिसेंबर १९४२ पासून कलकत्त्यावर बाँब पडले, ५ डिसेंबर १९४३ रोजी भरदिवसा खिदिरपूर गोदीवर मोठा हल्ला झाला, एवढेच. मधल्या काळात १९४३ चा दुष्काळ होऊन गेला. चौकशी आयोगाने मृत्यूंचा आकडा १५ लाख धरला, नंतरचे अभ्यासक ३० लाखांपर्यंत जातात.

‘जादा’ तांदूळ किती हे कोणी ठरवले? येथे मराठी वाचकाने आपल्याकडच्या पद्धतीशी तुलना करून पाहावी. मुंबई इलाख्यात रयतवारी होती. गावात तलाठी होता, दरवर्षी पीकपाहणी होत असे, शेतसारा थेट सरकारात जाई, म्हणून कोणत्या गटात काय पेरले हे सरकारला कळे. बंगालात १७९३ पासून कायमधारा. सारा एकदाच ठरलेला, जमीनदार तो भरणार, म्हणून सरकारला शेतात डोकावण्याची गरजच उरली नाही. गावपातळीवर महसुली नोकर नव्हता. पेऱ्याचे आकडे मिळत ते निरक्षर चौकीदाराच्या अंदाजावरून. याच कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था काढली होती आणि १९३७ पासून त्यांनी नमुना पाहणीचे नवे शास्त्र वापरून तागाच्या क्षेत्राची मोजणी सुरू केली होती. ताग निर्यातीचा माल, म्हणून त्यासाठी पैसा उभा राहिला. भातासाठी तशी यंत्रणा वेळेवर उभी राहिली नाही. शेतात ठरावीक तुकडा चिठ्ठीने निवडून पीक कापून मोजण्याची पद्धत देशभर रुजवण्याचे श्रेय ज्यांना जाते ते पांडुरंग सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. दिल्लीला जाण्यापूर्वी काही काळ तेही कलकत्त्यातच अध्यापक होते. म्हणजे शास्त्र होते, माणसेही होती. गरज ओळखणारे सरकार नव्हते.

तेव्हा हिशेब असा : टोकियो-बर्लिन तारेतला दोन भावांचा निरोप ज्या राज्याला अक्षरशः वाचता येत होता, त्याला आपल्याच प्रांतातल्या कोठारात किती तांदूळ आहे हे सांगता येत नव्हते. १९४३ च्या जूनमध्ये बंगाल सरकारने लपवलेला साठा शोधण्यासाठी गावोगाव मोहीम काढली, आणि त्यातून कलकत्ता व हावडा हीच शहरे वगळली. संशय शेतकऱ्यावर होता, आकडा मात्र कोणाकडेच नव्हता. माहिती नसली की तिची जागा संशय घेतो, आणि संशयाचा भार नेहमी दुबळ्यावर पडतो.

हा सारा पारतंत्र्याचा दोष होता असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. २०१५ मध्ये उघड झालेल्या कागदपत्रांवरून दिसले की बोस कुटुंबावरची पाळत स्वातंत्र्यानंतरही, १९६८ पर्यंत, चालू होती. शरदबाबू १९५० मध्येच वारले होते. पाळत का ठेवायची याचे कारण बहुधा कोणी पुन्हा विचारलेच नाही. फाइल उघडी होती म्हणून ती पुढे सरकत राहिली. बंगालच्या गृहखात्याच्या त्या शिरस्त्याचे हे स्वतंत्र भारतातले भावंड. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही अस्तित्वात आहे. त्याच्या शेजारी २००५ चा माहिती अधिकार कायदा आला, ही मोठी सुधारणा. पण कार्यालयात कागदावर ‘गोपनीय’ शिक्का मारणाऱ्या हाताला, हे नेमके कोणापासून आणि किती काळ लपवायचे आहे, हा प्रश्न अजून सवयीचा झालेला नाही.

नव्याने सेवेत येणाऱ्या अधिकाऱ्यांना मी म्हणेन की गुप्त राखण्यासारखे थोडे असते. ते मनापासून निवडा, कारण लिहा, आणि ठरावीक मुदतीने त्या कारणाकडे पुन्हा पाहा. उरलेली माहिती नीट मोजा आणि उघडी ठेवा. ती मोजण्याचे काम कंटाळवाणे असते, त्यात शौर्यपदके नसतात. तलाठ्याने पावसाळ्यात चिखल तुडवून केलेली पीकपाहणी ही कोणत्याही गुप्त अहवालापेक्षा अधिक जीव वाचवते. ती त्याने गावच्या चावडीवर बसून, न पाहता भरली तर तिचे परिणाम कोणत्या वर्षी दिसतील हे सांगता येत नाही, पण ते दिसतात.

१९०५ साली कलकत्त्यात सुरू झालेले ते वाणिज्य माहितीचे कार्यालय नाव थोडे बदलून आजही त्याच शहरात आहे आणि देशाच्या आयात-निर्यातीचे आकडे प्रसिद्ध करीत आहे. कोलकात्यात राहणाऱ्या किंवा कामानिमित्त तेथे जाणाऱ्या मराठी मंडळींना व्हिक्टोरिया मेमोरियल आणि दक्षिणेश्वर आवर्जून दाखवले जाते. त्या कार्यालयाकडे कोणी बोट दाखवत नाही. ‘इंटेलिजन्स’ या शब्दाचा जुना, साधा आणि उपयोगी अर्थ मात्र तेथे अजून जिवंत आहे.